चाकांतील हवा आणि इंदापूरचा रस्ता

फाडकन् फुटलेल्या टायरची बातमी साऱ्या रस्त्याला होते; परंतु रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या चाकांतून हळूहळू निघून गेलेल्या हवेची वार्ता खुद्द मालकालाही सकाळपर्यंत नसते. पहिला प्रकार अपघाताचा आणि दुसरा झिजेचा. अपघाताकडे दुर्लक्ष करतां येत नाहीं, म्हणून त्याचा उपाय तत्काळ होतो. झिजेकडे मात्र दुर्लक्ष करतां येतें, म्हणून ती वाढत जाते. थेंबे थेंबे तळें सांचतें ही म्हण सर्वांच्या तोंडीं आहे. पण थेंबे थेंबे तळें रितेंही होतें, याची आठवण सहसा कोणी देत नाहीं. दुरुस्तीच्या दुकानांतून ज्याला ‘स्लो पंक्चर’ म्हणतात, तें हें रितें होणें होय. वरवर पाहतां ही गोष्ट क्षुल्लक वाटते. परंतु चाकांत हवा आली कशी, ती तेथें टिकविण्यासाठीं मनुष्यानें काय काय केलें आणि ती निघून गेली असतां तिची किंमत कोणाला द्यावी लागते, हा इतिहास मुळींच क्षुल्लक नाहीं. त्यांतील बराचसा भाग पुणें जिल्ह्यांतील इंदापूरच्या रस्त्यावर उभे राहून वाचतां येतो.

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर पुण्यापासून सुमारें १३५ किलोमीटरांवर इंदापूर लागतें. उत्तरेस व पूर्वेस भीमा, दक्षिणेस नीरा, आणि मध्यें काळी जमीन व खडकाळ माळ असा हा तालुका आहे. शिवछत्रपतींचे आजे मालोजीराजे भोसले यांचा अंत इंदापूरच्या लढाईंत झाला. आषाढांत तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगांव केतकी या वाटेनें इंदापुरास येते आणि येथून नीरेकांठच्या सराटीकडे जाते. अशा रीतीनें हा प्रदेश पूर्वीपासून वाटसरूंचा आहे. पुणें-सोलापूर लोहमार्ग १८६० सालीं पुरा झाला, तो तालुक्याच्या उत्तर भागांतून, भिगवण-डिकसळच्या बाजूनें गेला. इंदापूर शहराला मात्र आगगाडी लाभली नाहीं. त्यामुळें येथील धान्य काय, माणसें काय, सर्वांची मदार सडकेवर आणि चाकावर राहिली.

तथापि चाकही येथें नेहमींच विपुल होतें असें नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं दख्खनमध्यें मालाची मुख्य वाहतूक चाकांवर होत नसे, तर वंजारी-लमाणांच्या बैलांच्या पाठीवर होत असे. ज्या थोड्या गाड्या होत्या त्या बोजड, जड चाकांच्या आणि अनेक बैलांनीं ओढावयाच्या होत्या. सामान्य कुणब्याच्या आटोक्यांतील ती वस्तु नव्हती. अशा स्थितींत इंदापूर तालुक्याचें नांव महसुलाच्या इतिहासांत कायमचें नोंदलें गेलें. प्रिंगल यांनीं केलेली आकारणी रयतेला झेपली नाहीं, जमिनी पडीक पडल्या, माणसें गांवें सोडून गेलीं. तेव्हां गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनीं इंदापुराची नव्यानें मोजणी करून १८३६ सालीं तीस वर्षांचा सारा ठरविला. मुंबई इलाख्यांतील प्रसिद्ध रयतवारी मोजणीचा उगम तो हाच.

त्या अधिकाऱ्यांच्या ध्यानांत एक गोष्ट आली होती. केवळ सारा कमी करून शेतकरी सुखी होत नाहीं. पिकलेलें धान्य बाजारांत पोंचलें तरच त्याला मोल येतें. गांवांत ज्वारी कुजत पडावी आणि चाळीस कोसांवर ती महाग विकावी, हा प्रकार वाहनाच्या अभावामुळें घडतो. म्हणून मोजणी खात्यांतीलच लेफ्टनंट गेस्फर्ड यांच्या देखरेखीखालीं इंदापुराच्या पलीकडे, भीमेपार टेंभुर्णी येथें, हलक्या व स्वस्त गाड्या तयार करण्याचा उद्योग सुरू झाला. दोन बैलांनीं सहज ओढावी अशी ही गाडी होती. तीस वर्षांनीं तालुक्याची फेरमोजणी झाली, तेव्हां गाड्यांची संख्या पुष्कळ वाढलेली आढळून आली. सडक आणि हलकें चाक यांनीं मिळून जें केलें, तें केवळ कागदावरील सवलतीनें झालें नसतें.

या गाडीचें चाक म्हणजे ग्रामीण कारागिरीचा उत्कृष्ट नमुना होता. सुतारानें बाभळीच्या लांकडाचा तुंबा करावा, त्यांत आरे ठोकावेत, आऱ्यांवर पुठ्ठे बसवावेत आणि मग लोहारानें लोखंडाची धांव गोवऱ्यांच्या आगटींत लाल करून चाकावर चढवावी. वरून पाणी ओततांच लोखंड आकसतें आणि सारें चाक एकजीव होतें. या चाकांत हवा नव्हती, म्हणून पंक्चरही नव्हतें. पण त्यालाही स्वतःचें हळूहळू जडणारें दुखणें होतेंच. चैत्र-वैशाखांत लांकूड वाळून आकसे, धांव सैल पडून खडखडूं लागे. तेव्हां चाक ओढ्यांत किंवा नदींत भिजत घालून लांकूड फुगवावें, नाहींतर पाचरी माराव्यात, हा उपाय घरोघर ठाऊक होता. सैल धांवेकडे जो दुर्लक्ष करी, त्याची धांव भर वाटेंत निसटे. एवंच, चाक कोणत्याही युगाचें असो, तें आपलें दुखणें आधीं बारीक आवाजानें सांगतें, हा नियम जुना आहे.

चाकांत हवा भरण्याची कल्पना याच सुमारास दूर इंग्लंडमध्यें जन्मास येत होती. रॉबर्ट विल्यम टॉमसन या अवघ्या तेवीस वर्षांच्या स्कॉटिश तरुणानें १८४५ च्या डिसेंबरांत हवेच्या चाकाचें पेटंट घेतलें. त्याच्या चाकांत रबर चढविलेल्या कापडाची नळी असून वरून चामड्याचें आवरण होतें. १८४७ मध्यें लंडनच्या रीजंट्स पार्कमध्यें घोड्यांच्या बग्ग्यांना हीं चाकें लावून प्रयोग झाले. बग्गी हलकी चालते आणि खडखडाट होत नाहीं असें सर्वांना दिसलें. एका जोडीनें तर १२०० मैलांची मजल मारली असें म्हणतात. तरीही तें चाक बाजारांत टिकलें नाहीं. रबराला गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची युक्ति अमेरिकेंतील चार्लस गुडइयर याला १८३९ मध्यें सांपडली होती खरी. परंतु चांगली पातळ नळी करणें अद्याप कठीण आणि महाग होतें. शिवाय ज्याला हवेच्या चाकाची खरी निकड भासावी असें वाहनच तेव्हां निपजलें नव्हतें. कित्येक शोध खोटे नसतात. ते केवळ लवकर आलेले असतात.

पुढें चाळीस वर्षांनीं सायकलींचें युग आलें. आयर्लंडमधील बेलफास्ट येथें जॉन बॉइड डनलॉप नांवाचे पशुवैद्य राहत असत. आपल्या मुलाची तीनचाकी सायकल दगडी फरसबंदीवर फार आदळते हें पाहून त्यांनीं १८८८ सालीं तिच्या चाकांना रबरी नळी बसवून तींत हवा भरली. दुसऱ्याच वर्षीं विल्यम ह्यूम या खेळाडूनें बेलफास्टच्या शर्यतींत अशा चाकांवर इतरांना मागें टाकलें आणि लोकांचें हसणें बंद झालें. टॉमसनचें जुनें पेटंट उजेडांत आल्यामुळें डनलॉप यांचा मूळ शोधावरील हक्क टिकला नाहीं. पुढें त्यांच्या नांवाच्या कंपनीला जें ऐश्वर्य प्राप्त झालें, त्याचाही त्यांना फारसा वांटा मिळाला नाहीं. परंतु नांव मात्र राहिलें, तें इतकें कीं पुढें भारतांतील खेड्यांत रबरी चाकांच्या बैलगाडीलाच ‘डनलॉप’ म्हणूं लागले.

येथवर हवा चाकांत भरली गेली. पण तिच्या निघून जाण्यावर उपाय झाला नव्हता. डनलॉप यांचा पहिला टायर चाकाला डिंकासारख्या रबरी द्रवानें चिकटविलेला असे. तो काढावयाचा म्हणजे सोलावयाचा, आणि पुन्हां बसवावयाचा म्हणजे रात्रभर वाळवावयाचा. फ्रान्समध्यें क्लेरमाँ-फेराँ या गांवीं आंद्रे आणि एदुआर मिशेलँ या बंधूंचा रबराचा कारखाना होता. तेथें अशीच एक बसलेल्या चाकाची सायकल दुरुस्तीस आली. तीन तास खपून टायर सोलला, भोंक बुजविलें, रात्रभर वाळत ठेवला; आणि दुसऱ्या दिवशीं एदुआर त्यावर बसून निघाला तों थोड्याच अंतरावर चाक पुन्हां बसलें. दुसऱ्या कोणीं कपाळाला हात लावला असता. एदुआरनें मात्र नेमका निष्कर्ष काढला: हवेवर चालणें उत्तम, परंतु ज्याची दुरुस्ती वाटसरूला स्वतः करतां येत नाहीं असें चाक निरुपयोगी. त्यांतून १८९१ मध्यें रिमवरून काढतां-घालतां येणारा टायर जन्मला. त्याच वर्षीं पॅरिस ते ब्रेस्त आणि परत या सुमारें १२०० किलोमीटरांच्या शर्यतींत शार्ल तेराँ हा खेळाडू या टायरींवर पहिला आला. पुढल्या वर्षीं तर या बंधूंनीं आपल्या शर्यतीच्या वाटेवर मुद्दाम खिळे पसरले, कां तर पंक्चर झालें तरी तें चटकन् निघतें हें लोकांना दिसावें म्हणून.

दुरुस्ती सुलभ झाली, तशी हवेच्या दाराचीही सोय झाली. सायकलीच्या जुन्या व्हॉल्व्हमध्यें पितळी नळीवर एक बारीक रबरी नळी ओढलेली असते. आंतून बाहेर जाऊं पाहणारी हवा त्या रबराला दाबून स्वतःचीच वाट बंद करते. आपल्याकडील सायकलवाले तिला ‘वालट्यूब’ म्हणतात. ही स्वस्त वस्तु उन्हानें चिरली कीं चाक रोज सकाळीं बसलेलें सांपडतें, आणि नवखा मनुष्य ट्यूबवर भोंक शोधीत दिवस घालवितो. मोटारीच्या चाकाचा व्हॉल्व्ह निराळा. न्यूयॉर्कमधील ऑगस्ट श्रेडर यांचा कारखाना पाणबुड्यांच्या साहित्याचे भाग करी; खोल पाण्यांत हवा कोंडून ठेवण्याची विद्या त्यांनीं १८९० नंतरच्या वर्षांत चाकाच्या कामीं लावली. स्प्रिंगवर उघडझांप करणारी त्यांची ती बारीक सुई आजही जगांतील बहुतेक मोटारींच्या चाकांत आहे.

तिसरी युक्ति वेल्समधील. आरंभींच्या मोटारींना जादा चाक नसे; पंक्चर झालें कीं चिखलांत बसून टायर उकलणें भाग पडे. लॅनेली गांवच्या स्टेपनी स्ट्रीटवरील टॉम व वॉल्टर डेव्हिस या बंधूंनीं १९०४ च्या सुमारास हवा भरलेलें, आऱ्यांविरहित एक जादा कडें काढलें. तें बसलेल्या चाकाला शेजारून जखडावें आणि पुढें चालूं लागावें. ती कंपनी गेली, तें कडेंही गेलें. परंतु त्या रस्त्याचें नांव पुण्या-मुंबईपासून इंदापूरच्या गॅरेजपर्यंत ‘स्टेपनी’ या शब्दांत अजून जिवंत आहे. आपल्या गाडीच्या डिकींत वेल्समधील एका लहानशा गांवचा रस्ता ठेवलेला आहे, हें किती जणांच्या ध्यानांत येत असेल?

आतां हीं चाकें आपल्या रस्त्यावर आलीं तेव्हां त्यांना काय भेटलें तें पाहूं. युरोपांत टायरचा वैरी म्हणजे घोड्याच्या नालेचा खिळा. दख्खनच्या रस्त्यावर त्याच्या जोडीला बैलांच्या पत्र्यांचे खिळे, आणि सर्वांवर कडी म्हणजे बाभळीचा कांटा. खिळा टायरला भोंक पाडून बहुधा आपली साक्ष ठेवतो. कांटा मात्र आंत शिरून मोडतो आणि आपणच केलेल्या भोंकाचें बूच होऊन बसतो. चाक फिरत असतां तो हलतो, थोडी हवा जाते; चाक थांबलें कीं तो पुन्हां भोंक बुजवितो. हळू जाणाऱ्या हवेचें हें कारण इंदापूर, बारामती, दौंड या बाभळीच्या मुलखांत जितकें आढळतें तितकें क्वचितच दुसरीकडे आढळत असेल. येथील पंक्चरवाला म्हणूनच ठिगळ लावण्यापूर्वीं टायरच्या आंतून बोटें फिरवितो. ज्यानें तें केलें नाहीं, त्याचें ठिगळ उत्तम असूनही दुसऱ्या दिवशीं तोच कांटा शेजारीं नवें भोंक पाडतो.

त्याची शोध घेण्याची पद्धत एखाद्या वैद्यासारखी क्रमवार असते. आधीं व्हॉल्व्हच्या तोंडावर पाण्याचा थेंब ठेवावयाचा. बुडबुडा आला तर ट्यूबला हात लावण्याचें कारणच नाहीं, सुई बदलली कीं काम झालें. थेंब स्वस्थ राहिला तर ट्यूब काढून, बेताची हवा भरून, पाण्याच्या टबांत तुकड्या-तुकड्यानें बुडवावयाची. मोठें भोंक बुडबुड्यांची माळ सोडतें. बारीक भोंक मात्र मोहरीएवढा एकच बुडबुडा बराच वेळ धरून ठेवतें आणि मग सोडतें. तो दिसावयाचा तर पाणी स्थिर हवें आणि माणूसही. सांपडलेल्या जागेवर खूण करावयाची, ती पुसून कोरडी करावयाची, कानशीनें खरवडावयाची, सोल्यूशन लावून तें हाताला चिकटेनासें होईपर्यंत थांबावयाचें आणि मग ठिगळ दाबावयाचें. या सर्वांत अवघड भाग थांबण्याचा आहे. ओलसर सोल्यूशनवर घाईनें बसविलेलें ठिगळ कांहीं दिवसांनीं कडेनें सुटतें. आणि मालक म्हणतो, पुन्हां हवा जाऊं लागली. वस्तुतः ती गेलीच नव्हती असें नाहीं. ती पुरती थांबलीच नव्हती.

सायकल आणि मोटार यांची ही कथा शहरांतही अशीच आहे. इंदापूरचें वैशिष्ट्य निराळें. १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा वाहूं लागला, बारामती-इंदापूरच्या कोरड्या जमिनींत पाणी आलें आणि पाण्यामागून ऊंस आला. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं १९३० नंतरच्या वर्षांत कळंबच्या माळावर साखर कारखाना उभारला. तेंच आजचें वालचंदनगर. पुढें भवानीनगरास सहकारी कारखाना झाला, आणखीही झाले. ऊंस तोडल्यावर लौकर गाळला नाहीं तर त्यांतील साखर घटते; यास्तव शेत आणि कारखाना यांमध्यें चाक घाईनें फिरणें अवश्य झालें. नेमक्या याच दशकांत डनलॉप कंपनीनें जनावरांच्या गाड्यांसाठीं हवेचीं चाकें हिंदुस्थानांत आणलीं. बंगालमध्यें हुगळीकांठीं साहागंज येथें तिचा कारखाना १९३६ सालीं सुरू झाला होता. सुताराच्या चाकाच्या जागीं लोखंडी आंस, छर्ऱ्यांचे बेअरिंग आणि रबरी टायर असलेली ‘टायरगाडी’ हळूहळू ऊंसाच्या मुलखांत रूढ झाली.

टायरगाडीचा लाभ कोठें आहे, हें नीट समजून घेतलें पाहिजे. कठीण, सपाट सडकेवर लोखंडी धांवेचें चाकही सुखानें फिरतें. परंतु नांगरलेलें रान, कालव्याकांठचा ओलसर रस्ता, दगडगोटे यांवर धांव जमिनींत रुतते आणि प्रत्येक खड्ड्याचा धक्का जुवावाटे बैलांच्या मानेवर येतो. हवेचें चाक रुंद टेकतें, म्हणून कमी रुततें. आणि धक्का स्वतः गिळतें. एकाच जोडीला पूर्वीपेक्षां अधिक भार ओढतां येऊं लागला. ओझ्याच्या जनावरांसंबंधीं १९६५ सालीं केंद्र सरकारनें जे नियम केले, त्यांतही हवेच्या टायर असलेल्या गाडीला साध्या गाडीहून अधिक भाराची मुभा आहे. पुढें बेंगळुरूच्या व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनीं बैलगाडीच्या सुधारणेचा प्रश्न देशापुढें मांडला, तेव्हां मानेवरील भार आणि चाक यांकडेच त्यांचें लक्ष होतें.

परंतु ही सारी मुभा एका अटीवर आहे, आणि ती अट म्हणजे चाकांत हवा असणें. हवा उतरलेलें रबरी चाक हें लोखंडी चाकाहून हलकें नव्हे, तर जड असतें. कारण प्रत्येक फेऱ्यांत तें स्वतःलाच चुरगळतें आणि त्या चुरगळण्याची मेहनत बैलाला भरावी लागते. दोन चाकांपैकीं एकांतीलच हवा गेली तर गाडी त्या अंगाला कलते, जूं वांकडें होतें आणि एका बैलाच्या मानेवर आडवा रेटा येतो. पुष्कळ गाड्यांना मोटारींच्या वापरून टाकलेल्या टायरी बसवितात. त्यांच्या ठिगळांवर ठिगळें असतात. हंगामांत बीड आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांतून ऊंसतोड कामगार येतात, पहांटे फड तोडतात, गाडी भरतात आणि कारखान्याच्या आवारांत आपला क्रम येईपर्यंत तासन् तास उभे राहतात. त्या उभ्या, भरल्या गाडीच्या चाकांतून हवा जात असली तर कोणाला कळणार? मोटारीचा चालक सुकाणूवरून ओळखतो. सायकलस्वाराला आपल्याच पायांत कळतें. येथें कळतें तें बैलाला, आणि बैल बोलत नाहीं. मान सुजली म्हणजे मग त्याचा अर्थ लावावा लागतो. गाडीवानाचा दोष काढणें सोपें आहे. पण एक खेप चुकली तर त्याची दिवसाची मजुरी चुकते, हेंही विसरतां कामा नये. हळू जाणाऱ्या हवेची किंमत बहुधा तोच देतो, ज्याच्यापाशीं थांबण्याची सवड नाहीं.

दरम्यान जगांत रबरच बदललें. १९४२ मध्यें जपाननें मलाया जिंकल्यावर नैसर्गिक रबराचा मोठा सांठा मित्रराष्ट्रांच्या हातून गेला. अमेरिकेंत टायरींवर रेशनिंग आलें, आणि आपल्याकडेही नवी टायर दुर्मिळ होऊन ठिगळाला सोन्याचें मोल आलें. कृत्रिम रबराचा उद्योग त्या निकडींतून वाढला. ब्यूटिल नांवाचें रबर अमेरिकेंत १९३७ सालींच सिद्ध झालें होतें. त्यांतून हवा झिरपण्याचें प्रमाण नैसर्गिक रबराच्या मानानें कित्येक पटींनीं कमी आहे. श्रोत्यांपैकीं पुष्कळांना हें ठाऊक नसेल कीं, भोंक नसतांही रबरांतून हवा जात असते. हवेचे कण रबराच्या अंगांतून हळूहळू पार होतात. त्यामुळें अगदीं निर्दोष मोटारीच्या चाकांतूनही महिन्याला चौरस इंचामागें एखाद-दुसरा पौंड दाब कमी होतो. जुन्या ट्यूबला आठवड्याला हवा लागे तें यामुळेंच.

१९४७ मध्यें अमेरिकेंतील गुडरिच कंपनीनें ट्यूबविरहित टायर जाहीर केला. फ्रँक हर्जेग हा त्याचा संशोधक. या टायरमध्यें आंतल्या अंगालाच हवा न सोडणारा थर असतो आणि टायरची कड रिमवर घट्ट बसून हवा कोंडते. त्याचा मोठा गुण असा कीं, खिळा शिरला तरी हवा एकदम जात नाहीं. परंतु हाच त्याचा अवगुणही ठरला. पूर्वीं पंक्चर झालें कीं गाडी थांबे. आतां खिळा घेऊन ती आठ-आठ दिवस धांवते. फुटण्याचा प्रकार कमी झाला आणि झिरपण्याचा वाढला. भोंक नसलें तरी रिमवर गंज चढला, कडेंत माती अडकली, व्हॉल्व्हच्या बुडाचें रबर चिरलें, तरी हवा जाते. येथें टबाऐवजीं साबणाचें पाणी उपयोगी पडतें: तें चाकाच्या कडेवर, व्हॉल्व्हवर, नक्षीच्या खांचांत लावावें आणि फेंस कोठें फुगतो तें पाहावें. कडेंतून जात असेल तर टायर उतरवून रिम घासून साफ करणें हाच इलाज. टेकत्या भागांतील भोंक बाहेरून रबरी दोरी खुपसून बुजवितां येतें. पण आंतून छत्रीच्या आकाराचें ठिगळ बसविणें अधिक भरंवशाचें. टायरच्या बाजूच्या भिंतीला भोंक पडलें तर मात्र दुरुस्तीचा मोह सोडावा. ती भिंत सतत वांकत असते, ठिगळ तेथें टिकत नाहीं.

एक सावधगिरी येथें सांगितली पाहिजे. थंडीच्या सकाळीं चाक किंचित् उतरलेलें दिसलें म्हणून लगेच पंक्चरचा संशय घेऊं नये. हवा थंड झाली कीं तिचा दाब घटतो. दहा अंश सेल्सिअसचा फरक पडला तर मोटारीच्या चाकांत सुमारें दीड पौंड कमी दिसतो. चारही चाकें सारखीं उतरलीं असतील तर तो ऋतूचा प्रताप. एकच उतरलें असेल तर तें दुखणें समजावें. तुलना ही शोधाची पहिली पायरी आहे.

आतां यांत धोका किती, असें कोणी विचारील. ताशीं तीन मैल चालणाऱ्या गाडींत तो बैलाच्या मानेवर येतो. शंभर किलोमीटरनें धांवणाऱ्या मोटारींत तो माणसांच्या प्राणांवर येतो. कमी हवेचा टायर अधिक वांकतो, वांकण्यानें तापतो आणि तापून शेवटीं फुटतो. म्हणजे ज्याला सारे अपघात म्हणतात, तो पुष्कळदां कित्येक दिवसांच्या झिजेचा शेवट असतो. अमेरिकेंत टायर फुटून झालेल्या अनेक अपघातांनंतर २००० सालीं कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून तेथील प्रत्येक नव्या हलक्या मोटारींत चाकांतील दाब सांगणारें यंत्र सक्तीचें झालें. भारतांतही २०२० मध्यें नियम बदलले. ट्यूबविरहित टायर, दाबाची सूचना देणारें यंत्र आणि दुरुस्तीचें साहित्य असलेल्या लहान मोटारींना स्टेपनी बाळगण्यांतून सूट मिळाली. वेल्समधील त्या बंधूंच्या युक्तीला अशा रीतीनें सव्वाशें वर्षांच्या आंत निवृत्तीची मुभा मिळाली. पण ज्या दक्षतेसाठीं ती होती, त्या दक्षतेला मात्र निवृत्ति नाहीं. यंत्र दिवा लावील. थांबावयाचें मनुष्यालाच आहे.

इंदापूरच्या सडकेच्या कडेला खांबाला टांगलेला एक जुना टायर दिसतो. अक्षर न लिहितां वाचतां येणारी ती पाटी आहे. तिच्याखालीं कधीं मालमोटार थांबते, कधीं शहरांतील कुटुंबाची मोटार, कधीं ऊंसाची टायरगाडी. टॉमसनची कल्पना, डनलॉपचें कौतुक, मिशेलँची जिद्द आणि श्रेडरची सुई या सर्वांचा शेवट त्या टबांतील पाण्यावर होतो. गेस्फर्डची गाडी असो कीं आजची मोटार, हलकें चाक हें या तालुक्याच्या सुखाचें साधन ठरलें आहे. तें हलकें ठेवावयाचें तर आठवड्यांतून एकदां, गाडी थंड असतां, हवा मोजून पाहण्याची संवय एवढेंच मूल्य द्यावें लागतें. आणि तें जो वेळेवर देतो, त्याला किंवा त्याच्या बैलांना पुढलें मोठें मूल्य सहसा द्यावें लागत नाहीं.